वैमानिक परवाना क्रमांक एक

भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांच्या नावावर आहे. त्यांनी टपालाचे पहिले विमान कराचीहून मुंबईला आणले तेव्हा त्यांना वाट दाखवणारा एकही आवाज जमिनीवर नव्हता. पुढे तो आवाज आला, आणि त्याचा अर्थ चुकला तर काय होते याचा अनुभवही त्यांच्याच कंपनीला घ्यावा लागला. या देशाच्या हवाई वाहतुकीचा अर्धा इतिहास या एका आयुष्यात सामावलेला आहे. त्या इतिहासातील एक पावसाळी पान पुण्याच्या येरवड्याचेही आहे.

घरातील संगणकावर विमान चालवण्याचा छंद आज पुण्यासारख्या शहरांतील तरुणांना नवा राहिलेला नाही. टेबलावर दांडी, पायाशी पेडल, डोळ्यांसमोर पडद्यावरची धावपट्टी आणि कानांत नियंत्रकाचा आवाज. हा आवाज यंत्राचा नसतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी बसलेला एखादा हौशी माणूस नियंत्रकाचे काम करीत असतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या व्हॅटसिमसारख्या जाळ्यामुळे ही सोय झाली. उंची किती ठेवायची, कोणत्या दिशेला वळायचे, केव्हा उतरायचे हे सारे हा नियंत्रक सांगतो आणि वैमानिक ते शब्दशः परत म्हणून दाखवतो. खेळ असला तरी शिस्त खऱ्या आकाशाची असते. मात्र ही शिस्त जन्माला येण्यापूर्वीचे आकाश कसे होते, याची कल्पना आजच्या पिढीला सहजासहजी येणार नाही. ती यावी म्हणून जेआरडींचे चरित्र या बाजूने पाहण्यासारखे आहे.

हार्डेलोटचा किनारा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि उद्योगातील सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होत्या. मुंबई आणि फ्रान्स या दोन घरांमध्ये मुलांचे बालपण विभागले गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधील हार्डेलोट या समुद्रकाठच्या गावी राहायला जाई. लुई ब्लेरिओ यांचे घर त्याच परिसरात होते. विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस म्हणून १९०९ मध्ये त्यांचे नाव जगभर झाले होते. किनाऱ्यावरच्या वाळूत उतरणारी विमाने पाहत हा मुलगा वाढला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला एका छोट्या विमानातून फेरी मारायला मिळाली. ती काही मिनिटांची होती, पण वैमानिक व्हायचे हा निश्चय तिथेच पक्का झाला.

निश्चय आणि संधी यांच्यामध्ये मात्र दहा वर्षे गेली. १९२३ मध्ये आई वारली. फ्रेंच नागरिक या नात्याने त्यांना फ्रान्सच्या सैन्यात सक्तीची सेवा करावी लागली. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छा होती, परंतु वडिलांनी त्यांना भारतात बोलावून घेतले. १९२५ च्या अखेरीस ते टाटांच्या कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या या तरुणावर घराची जबाबदारी आली. विद्यापीठाची पदवी हातातून कायमची निसटली याची खंत त्यांना जन्मभर राहिली. राहिलेले शिक्षण त्यांनी वाचनाने आणि अफाट मेहनतीने भरून काढले.

पावणेचार तासांची शिकवणी

१९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी तेथे पहिल्या विद्यार्थ्यांबरोबर दाखल झाले. शिक्षकाबरोबर एकूण तीन तास पंचेचाळीस मिनिटे उड्डाण केल्यानंतर त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. आजच्या शिकाऊ वैमानिकाला या आकड्याचे नवल वाटेल. त्या काळी सिम्युलेटर नव्हता, बिनतारी संभाषणाचे धडे नव्हते, आणि यंत्रांच्या काट्यांवर विसंबून विमान चालवण्याचे शास्त्र नुकते कुठे आकार घेत होते. विमान वर न्यावे, सरळ ठेवावे आणि सुखरूप खाली आणावे, एवढीच परीक्षा होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

याच १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण आपल्या वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यात एक विचित्र पेटी तयार करीत होता. चर्चमधील ऑर्गन ज्या भात्यांनी वाजतो त्याच भात्यांवर ही विमानाच्या आकाराची पेटी डोलत असे. आत बसलेल्याने दांडी हलवली की ती डावीकडे, उजवीकडे, वर, खाली झुके. जमिनीवर बसून उडायला शिकवणारे हे यंत्र. आजच्या सर्व सिम्युलेटरांचे कूळ या पेटीपर्यंत जाऊन पोहोचते. सुरुवातीला मात्र तिला कोणी गांभीर्याने घेतले नाही आणि जत्रेतील करमणुकीचे साधन म्हणूनच तिचा खप झाला.

१९३० मध्ये आगाखान यांनी जाहीर केलेली एक स्पर्धा झाली. इंग्लंड आणि भारत यांच्यातील प्रवास सहा आठवड्यांच्या आत एकट्याने विमानातून पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंडांचे बक्षीस होते. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर हा कोवळ्या वयाचा तरुण इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पीच्या विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता आणि सुटा भाग मिळण्याची वाट पाहत तो तेथे अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला आणि ते पुढे निघाले. स्पर्धा अ‍ॅस्पीने जिंकली. जेआरडी थोड्या फरकाने मागे राहिले. हाच अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. जेआरडींनी त्या प्लगचा पश्चात्ताप कधी केला नाही. वाळवंटात अडकलेला वैमानिक प्रतिस्पर्धी नसतो, हा त्या पिढीचा अलिखित नियम होता. जमिनीवरून मदत मिळण्याची सोय नसल्याने वैमानिकांना एकमेकांचाच आधार होता.

पंचावन्न पौंड टपाल

नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातील निवृत्त वैमानिक. विमानाची प्रात्यक्षिके करीत ते भारतभर फिरले होते. लंडनहून येणारे हवाई टपाल कराचीला थांबते आणि तेथून रेल्वेने रखडत पुढे जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी मार्गे मद्रासपर्यंत विमानसेवा काढण्याची योजना घेऊन ते टाटांकडे आले. जेआरडींना ती लगेच पटली. समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा नाखूश होते, पण दोन लाख रुपयांच्या भांडवलाला त्यांनी अखेर संमती दिली. २४ एप्रिल १९३२ रोजी सरकारशी करार झाला. जूनमध्ये दोराबजींचे निधन झाले. त्यांच्या संमतीतून उभी राहिलेली सेवा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान उचलले. बरोबर पंचावन्न पौंड टपाल होते. अहमदाबादला इंधन घेण्यासाठी ते उतरले. तेथे बैलगाडीतून आणलेल्या चार गॅलनच्या डब्यांतून पेट्रोल भरण्यात आले. दुपारी दोनला दहा मिनिटे असताना विमान जुहूच्या मैदानावर टेकले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासच्या दिशेने गेले. भारतीय हवाई दलाची स्थापना त्याच महिन्यात, अवघ्या एक आठवड्यापूर्वी झाली होती.

या प्रवासात विमानात बिनतारी यंत्र नव्हते. जमिनीवर दिशादर्शक खुणा नव्हत्या, धावपट्टीवर दिवे नव्हते, हवामानाची खबर देणारे कोणी नव्हते. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० पासून नियंत्रण मनोरा होता. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९३० मध्ये बिनतारी यंत्रणेचा मनोरा उभा राहिला होता. भारतातील टपाल विमानाला या कशाचाच उपयोग नव्हता. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खाली दिसणारे रेल्वेचे रूळ, नद्या, किनारा एवढ्यावर वाट काढायची. ढग आडवा आला तर त्याच्या खालून जायचे, वरून जायचे की परत फिरायचे हा निर्णय एकट्याचा. चुकला तर विचारायला कोणी नाही आणि सांगायलाही कोणी नाही.

येरवड्याच्या मैदानावर

जुहूचे मैदान म्हणजे समुद्राला लागून असलेली चिखलाची सपाटी होती. पावसाळ्यात भरतीचे पाणी तेथे चढे आणि विमान उतरवणे अशक्य होई. टपालाचा करार मात्र बारमाही होता. पाऊस आहे म्हणून टपाल थांबवता येणार नव्हते. यावर उपाय पुण्याने दिला. पावसाळा लागला की टाटांची सारी विमान कंपनी पुण्याला हलत असे. सारी कंपनी म्हणजे किती? दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. येरवडा तुरुंगालगतच्या एका मोकळ्या मैदानावर त्यांचा मुक्काम पडे. ज्या तुरुंगात सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करारावर सह्या झाल्या, त्याच्याच शेजारी देशाची विमान वाहतूक आपले पहिले पावसाळे काढत होती.

लोहगावचा हवाई तळ तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये उभारला गेला. आज पुण्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला हवाई दलाच्या नियंत्रकांकडून परवानगी घ्यावी लागते. येरवड्याच्या मैदानावर परवानगी द्यायला कोणी नव्हते. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरले की खालचे काही दिसत नाही, हे घाटातून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोळ्यांच्या भरवशावर विमान चालवणाऱ्यांना त्याचा धोका किती असेल हे वेगळे सांगायला नको.

तरीही टपाल वेळेवर पोहोचत राहिले. पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी सुमारे एक लाख साठ हजार मैलांचा प्रवास केला, दहा टनांहून अधिक टपाल आणि १५५ उतारू वाहून नेले आणि साठ हजार रुपये नफा मिळवला. वक्तशीरपणाचे सरकारी कौतुकही पदरी पडले.

या यशाचे मोल कळण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने हवाई टपालाचे काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्कराकडे सोपवले. धुक्यात आणि हिमवादळात, केवळ यंत्रांवर नजर ठेवून विमान चालवण्याचे शिक्षण लष्करी वैमानिकांना मिळालेले नव्हते. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणाला मुकले. देशभर गहजब झाला. तेव्हा लष्कराला एडविन लिंकच्या पेटीची आठवण झाली आणि सहा यंत्रांची मागणी नोंदवण्यात आली. करमणुकीचे साधन ठरलेली ती पेटी शिक्षणाचे साधन झाली, ती टपाल वाहताना गेलेल्या प्राणांमुळे. महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या लाखो वैमानिकांनी तिच्यात बसून धडे गिरवले.

मोठी झेप आणि हिरावलेली कंपनी

१९३८ मध्ये जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांचे वय होते चौतीस. पोलाद, वीज, रसायने असा मोठा पसारा त्यांच्याकडे आला, पण जीव विमानांतच गुंतलेला होता. १९४२ मध्ये व्हिन्सेंट इंग्लंडला जात असताना त्यांचे विमान बेपत्ता झाले. ज्याच्या कल्पनेवर कंपनी उभी राहिली तो सहकारी युद्धाने नेला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची सार्वजनिक कंपनी झाली आणि तिचे नाव एअर इंडिया ठेवण्यात आले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले. भारताची परदेशी विमानसेवा सुरू झाली. जेआरडी स्वतः त्या विमानात होते.

पाच वर्षांनी सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. हा निर्णय आपल्याशी पुरेशी चर्चा न करता घेतला गेला, हे जेआरडींना फार लागले. सरकारी खात्याच्या पद्धतीने विमान कंपनी चालणार नाही असे त्यांचे ठाम मत होते. तरीही नेहरूंच्या सरकारने एअर इंडियाचे अध्यक्षपद देऊ केले तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही. आपली म्हणून उभी केलेली संस्था आता आपली नाही, हे मान्य करूनही ती नीट चालावी यासाठी पंचवीस वर्षे विनावेतन राबणे सोपे नव्हते. विमानातून प्रवास करताना पडद्याची घडी, कॉफीची चव, स्वच्छतागृहाची अवस्था, सारे ते टिपून ठेवत आणि उतरल्यावर संबंधितांकडे टिपणे धाडत. १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला होता. जगातील विमान कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्षपदही १९५८ मध्ये त्यांच्याकडे आले.

पुण्याशी त्यांचा संबंधही याच काळात नव्याने जुळला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली साठच्या दशकात आकाराला येऊ लागला आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचे टाटांचे केंद्रही १९६६ मध्ये याच शहरात निघाले.

माँ ब्लाँचे दोन घाव

३ नोव्हेंबर १९५० रोजी मलबार प्रिन्सेस जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँवर आदळले. विमानातील ४८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. परदेशी सेवेचा शुभारंभ केलेलेच हे विमान होते.

सोळा वर्षांनी तोच पर्वत पुन्हा आडवा आला. २४ जानेवारी १९६६ रोजी कांचनगंगा हे बोइंग ७०७ विमान मुंबई, दिल्ली, बैरूत असा प्रवास करून जिनिव्हाकडे येत होते. विमानात ११७ जण होते. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले डॉ. होमी भाभा त्यांत होते. जेआरडी आणि भाभा यांचे नाते केवळ ओळखीचे नव्हते. मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठी संस्था काढण्याची भाभांची कल्पना जेआरडींनी उचलून धरली, टाटांच्या विश्वस्त निधीने पैसा दिला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्माला आली. पुणे विद्यापीठाच्या आवारातील रेडिओ खगोलशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आणि नारायणगावजवळच्या महाकाय दुर्बिणी हा त्याच संस्थेचा विस्तार आहे.

कांचनगंगा कसे पडले, याची फ्रान्समध्ये चौकशी झाली. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद असल्याचे वैमानिकाला बैरूत सोडतानाच ठाऊक होते. माँ ब्लाँपासून आपण नेमके कोठे आहोत याचा त्याचा हिशेब चुकला आणि तो चुकीचा हिशेबच त्याने नियंत्रकाला कळवला. रडारवर बसलेल्या नियंत्रकाला चूक दिसली. विमानाचे खरे स्थान त्याने बरोबर ओळखले आणि दुरुस्ती व्हावी म्हणून तसे कळवलेही. परंतु त्याच्या शब्दांत हवा तेवढा नेमकेपणा नव्हता. पर्वत मागे पडला असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने खाली येणे चालू ठेवले.

१९३२ मध्ये जमिनीवरचा आवाज नव्हता. १९६६ मध्ये तो होता, जाणकार होता, सावध होता आणि बरोबरही होता. तरीही ११७ माणसे गेली. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात जसाच्या तसा उतरला नाही, एवढेच कारण. आज नियंत्रकाने दिलेली प्रत्येक सूचना वैमानिकाला परत म्हणून दाखवावी लागते, ठरलेल्या अर्थाचे ठरलेलेच शब्द वापरावे लागतात आणि संशय आला तर पुन्हा विचारावे लागते. घरातील संगणकावर विमान चालवणारा हौशी तरुण कंटाळून जे शब्द घोकतो, त्यांच्या मागे अशा अपघातांचे धडे आहेत.

पदच्युती आणि पुनरागमन

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सम्राट अशोक हे एअर इंडियाचे पहिले जंबो जेट मुंबईहून दुबईकडे झेपावले आणि थोड्याच वेळात वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते. खाली काळा समुद्र आणि वर काळे आकाश, क्षितिज दिसण्याचा प्रश्नच नव्हता. विमान उजवीकडे कलले आहे अशा समजुतीने कॅप्टनने ते डावीकडे झुकवत नेले. शेजारची इतर उपकरणे खरे सांगत होती, पण त्यांच्याकडे वेळेत लक्ष गेले नाही. शरीराला वाटते ते खोटे असू शकते, एक काटा खोटा असू शकतो, म्हणून सर्व काटे ताडून पाहावेत, हा सिम्युलेटरमधील पहिला धडा. त्याची किंमत किती मोठी असते हे त्या रात्री दिसले.

पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांच्या जागी एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांची नेमणूक झाली, आणि ही बातमी सरकारकडून येण्यापूर्वी लाल यांच्याकडूनच जेआरडींच्या कानी आली. एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर एखादे पत्र आधी यावे, इतकीही अपेक्षा पुरी झाली नाही. कंपनीतील अनेकांनी नाराजी व्यक्त केली आणि व्यवस्थापकीय संचालकांनी राजीनामा दिला. जेआरडींनी मात्र जाहीर त्रागा केला नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांना संचालक मंडळावर परत बोलावण्यात आले. अध्यक्षपद नव्हते, तरी ते गेले.

पुन्हा कराची ते जुहू

पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, जेआरडींनी तोच कराची ते मुंबई प्रवास स्वतः विमान चालवून पुन्हा केला होता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी पन्नास वर्षे झाली. या वेळी त्यांचे वय ७८ होते. लेपर्ड मॉथ हे जुन्या घडणीचे एक इंजिनाचे छोटे विमान घेऊन ते एकटेच कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. वैमानिकी म्हणजे केवळ बटणे दाबण्याची नोकरी नव्हे, तिच्यात साहस आणि आनंद आहे, हे तरुणांना दाखवून देण्याचा त्यांचा हेतू होता.

योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९८२ मध्ये, मायक्रोसॉफ्ट कंपनीचा फ्लाइट सिम्युलेटर घरगुती संगणकांसाठी बाजारात आला. चार रेघांची धावपट्टी आणि ठोकळ्यांच्या इमारती एवढेच त्यात दिसे. पण ज्याच्याजवळ क्लबची फी नाही, ओळख नाही, विमान नाही, अशा सामान्य घरातील मुलाला आकाशाची पहिली चव त्याने दिली. जेआरडींच्या तरुणपणी उडणे ही श्रीमंतांची हौस होती. ती हौस पेलण्याइतके भाग्य आपल्याला लाभले याची जाणीव त्यांना होती. त्या भाग्याचे सार्वजनिक सेवेत रूपांतर करणे हे त्यांचे वेगळेपण.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. ज्या शहराकडे जाताना त्यांची दोन विमाने माँ ब्लाँवर गेली, त्याच शहरात त्यांनी अखेरचा श्वास घ्यावा हाही नियतीचाच खेळ. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते पाहायला जेआरडी नव्हते.

कंपनी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर काळाने दोनदा बदलले. विमानात बसलेल्या माणसाचा जीव कोणाच्या भरवशावर असतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र बदललेले नाही. तो वैमानिकाच्या नजरेवर असतो, त्याच्यासमोरच्या उपकरणांवर असतो आणि जमिनीवरून बोलणाऱ्या, चेहरा कधीही न दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर असतो. येरवड्याच्या मैदानावरून पावसाळी आभाळात शिरणाऱ्या त्या तीन वैमानिकांजवळ यांतले पहिले होते, दुसरे अर्धेमुर्धे होते आणि तिसरे नव्हतेच. तरीही टपाल वेळेवर पोहोचले. आज तिन्ही गोष्टी हाताशी असताना हवाई वाहतुकीत काम करणाऱ्यांवरील जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. उलट ती वाढते.